गाळ कुठेय? गंगापूर धरणाकाठच्या सात दिवसांच्या शुद्धी शिबिराबद्दल

आधी निकाल सांगते, मग हकिगत. जेवण उत्तम. झोप त्याहून उत्तम. पाय बुडवायचं मशीन म्हणजे शुद्ध फसवणूक. आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तिथे एकट्याने जाऊ नये. एवढंच हवं होतं त्यांनी खुशाल आपल्या कामाला लागावं. माणशी १४,५०० रुपये भरायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी मात्र पुढचं वाचावं.

शिबिराचं नाव लिहीत नाही. चालवणारी माणसं वाईट नाहीत, आणि माझं भांडण एका जागेशी नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ही बाई एवढी कुरकुर का करते ते कळणार नाही. सातपूर एमआयडीसीत प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं ईटीपी सांभाळला. कारखान्याचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी साफ करायचा प्लांट असतो, तो. क्रोमचं पिवळंजर्द पाणी यायचं. ॲसिड घालून त्याचा पीएच दोन-अडीचवर आणायचा, मग मेटाबायसल्फाइट टाकायचं, की पिवळं पाणी बघता बघता हिरवट व्हायचं. म्हणजे जास्त विषारी क्रोमचा कमी विषारी क्रोम झाला. मग चुना. चुना पडला की हिरवा गाळ तळाला बसायचा, फिल्टर प्रेसमध्ये दाबून त्याच्या वड्या निघायच्या. त्या वड्यांचं वजन, रजिस्टरला नोंद, पोती, घातक कचऱ्याची गाडी. बाहेर जाणाऱ्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट, म्हणजे तो जास्त विषारी क्रोम लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवा, निकेल ३ मिलिग्रॅमच्या आत. आमच्या साहेबांचं पालुपद ठरलेलं: "पाणी स्वच्छ दिसतंय ते राहू द्या मॅडम, गाळ किती निघाला?" गाळ निघाला नाही तर घाण पाण्यातच आहे, हा त्यांचा हिशेब. सव्वीस वर्षं हे ऐकल्यावर कोणी 'आम्ही शुद्धी करतो' म्हणालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, गाळ कुठेय?

शिबिराचं खूळ वहिनींचं. भाऊ गेल्यापासून त्या आणि मी असं वर्षातून एकदा कुठेतरी जातो. या वेळी त्यांनी मोबाइलवर आलेलं पत्रक पुढे धरलं. 'शरीर, मन आणि परिसराची नैसर्गिक शुद्धी. ७ दिवसांत टॉक्सिनमुक्त व्हा!' म्हणाल्या, "वन्सं, जन्मभर कारखान्याचं पाणी साफ केलंत, आता स्वतःचं करा." नाही म्हणणं अवघड होतं. शिवाय माझं ब्लड प्रेशर गोळी घेऊनही १४८/९२ च्या आसपास हट्टाने बसलेलं होतं.

नाशिककराला शुद्धीचं अप्रूप नसावं खरं तर. दर बारा वर्षांनी अख्खा देश इथे अंग धुवायला येतो, २०२७ च्या सिंहस्थाच्या गप्पा आत्तापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे मारतायत. रामकुंडात पाप धुतलं जातं असं म्हणतात. धुतलेलं पुढे तपोवनाकडे जातं, तिथून सायखेड्याला, तिथून नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांकडे. लहानपणी मी आईला विचारलं होतं, मग ते पाप पाणकोंबड्यांना लागतं का गं? पाठीत धपाटा बसला होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. गंगापूर रोडने सोमेश्वर मागे टाकलं आणि तासाभरात धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडे पोचलो. वाटेत द्राक्षबागांना जुन्या साड्यांचे आडोसे बांधलेले, वहिनी गाडीतून साड्या ओळखत होत्या. "ही बघा, माझ्या रुखवताच्या वेळची डिझाइन." पोचल्यावर मोबाइल कापडी पिशवीत जमा. वजन ७१.४ किलो. चार पानांचा फॉर्म, त्यात कोणती औषधं चालू आहेत असा रकाना. वहिनींनी सगळ्या गोळ्या नीट अक्षरात लिहिल्या. हा फॉर्म लक्षात ठेवा.

खोल्या शेणाने सारवलेल्या, स्वच्छ. गरम पाणी सोलरचं. फेब्रुवारीत नाशकात सकाळी साडेपाचला सोलरमधून जे येतं त्याला गरम म्हणणं हा त्या शब्दाचा अपमान आहे. तिसऱ्या दिवसापासून चुलीवरची बादली मिळायला लागली, मागितली म्हणून. तुम्हीही मागा.

साडेपाचला घंटा. कोमट पाणी, जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं), सूर्यनमस्कार किंवा गुडघे नाही म्हणत असतील तर खुर्चीवरचे व्यायाम, पोटावर मातीची पट्टी, अकराला रस, दुपारी जेवण, मग व्याख्यान, कटिस्नान किंवा वाफ, संध्याकाळी धरणाकाठी फिरणं, साडेसहाला सूप, आठपासून मौन, नऊला दिवे बंद.

जलनेतीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. शिकवणारी मुलगी विशीतली, पण पाण्याच्या बाबतीत कडक. नळाचं चालणार नाही, माठातलं चालणार नाही, उकळून कोमट केलेलंच. आणि हे चोचले नव्हेत. न उकळलेल्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत गेला तर माणूस सहसा वाचत नाही. मीठही ती चिमटीने टाकत नव्हती, मोजून लिटरला नऊ ग्रॅम. रक्ताइतकं खारट पाणी नाकाला झोंबत नाही, सलाइनच्या बाटलीतही तेच प्रमाण असतं. मी म्हटलं, "बाळा, माझ्या प्लांटवर नोकरी केली असतीस तर बढती दिली असती." हसली. वर्षानुवर्षं सकाळी शिंकांनी घर डोक्यावर घेणारी मी, चौथ्या दिवशी एकही शिंक नाही. घरी आल्यावरही चालू ठेवलंय. आणि इथे गाळ डोळ्यांना दिसतो, त्याचं वर्णन करत नाही.

एनिमाबद्दल एवढंच की सगळं स्वच्छ होतं, बाई समजूतदार होती, दुसऱ्या खेपेला मी नको म्हटलं आणि तिने आग्रह केला नाही.

पत्रकावर 'पंचकर्म' असं ठसठशीत छापलेलं आहे, त्याबद्दल मात्र बोलायला हवं. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही पाच कर्मं. तेल लावणं आणि वाफ देणं, म्हणजे स्नेहन-स्वेदन, ही त्याआधीची तयारी, पूर्वकर्म. इथे मिळतो तो तेवढाच भाग. मालीश झकास होती, खांदा मोकळा झाला, पण पंगतीत ताट-वाटी मांडली म्हणजे जेवण झालं असं होत नाही. माझ्या मामेबहिणीने शरद ऋतूत विरेचन, म्हणजे औषधाने जुलाब, घेतलं होतं. आधी काही दिवस वाढत्या मात्रेने औषधी तूप, रोज वैद्यांनी नाडी-जीभ बघणं, मग विरेचन, नंतर पेया, विलेपी असं चढत्या पायरीने जेवण. तो वैद्यांच्या नजरेखाली करायचा विधी आहे. नाशकात त्याला तोटा नाही, पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालयच आहे. ज्यांना खरं पंचकर्म करायचंय त्यांनी वैद्य गाठावा. इथे मालीश आणि वाफ मिळेल.

आता स्वयंपाकघर. मला जर कोणी म्हणालं की सात दिवसांतलं एकच काहीतरी घरी ने, तर मी तिथल्या मावशींना आणेन. जवळच्याच पाड्यावरच्या. नागलीची भाकरी अशी की कडेपर्यंत फुगलेली, वरईचा भात, लाल भोपळ्याची भाजी, हुलग्याचं कढण, मुगाचं पाणी. मीठ जवळपास नाही, पण चुलीवर भाजलेल्या लसणाने ती उणीव भरून निघते. गिरणाऱ्याच्या बाजारातले टोमॅटो भाजून केलेला ठेचा, मिरची नावापुरती. घरी आल्यावर माझं ब्लड प्रेशर १३२/८४ भरलं, त्याचं श्रेय मी या कमी मिठाला आणि झोपेला देते. (गोळी चालू आहे. बंद केलेली नाही, करूही नका. तिथे एका स्वयंसेवकाने "सात दिवस गोळ्यांना सुट्टी द्या" असं सुचवलं होतं. त्याला मी सुट्टी दिली.)

रोज सकाळी दुधीचा किंवा कोहळ्याचा रस असतो. दुधी किसण्याआधी मावशी प्रत्येक दुधीचा तुकडा कापून स्वतः जिभेला लावत होत्या. एकेक दुधी, न कंटाळता. एक कडू निघाला, तो त्यांनी सरळ उकिरड्यावर टाकला. मी विचारलं तर म्हणाल्या, "कडू दुधी म्हशीला बी नाही घालत आम्ही." कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विष असतं. त्याच्या पेलाभर रसाने रक्ताच्या उलट्या होऊन दवाखाना गाठावा लागल्याची, प्रसंगी जीव गेल्याची उदाहरणं आहेत. रोज दुधीचा रस पिणाऱ्या किती घरांत तो आधी चाखला जातो? आपल्या आज्या काकडीचं टोक चाखून मग पानात वाढायच्या, मिक्सर आला आणि ते गेलं.

पाचव्या दिवशी फलाहार, त्यात शेजारच्या बागेतली द्राक्षं. मी आपलं विचारलं, शेवटची फवारणी कधीची? व्यवस्थापकांना माहीत नव्हतं. युरोपला जाणाऱ्या पेटीची औषधाच्या अवशेषासाठी प्रयोगशाळेत तपासणी होते, फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही हे शेतकऱ्याला पाठ असतं, आणि टॉक्सिन काढायच्या शिबिरात तेवढं विचारलेलं नसावं? मावशींनी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात घोळून, दोनदा धुऊन दिली. वरवरचं बरंचसं जातं त्याने, आत मुरलेलं जात नाही. खाल्ली. गोड होती.

व्याख्यान दुसऱ्या दिवशी दुपारी. तरुण वक्ता, पडद्यावर चित्रं. "आपल्या आतड्यांत पाच ते दहा किलो मळ वर्षानुवर्षं चिकटून असतो." मी हात वर केला. म्हटलं, माझ्या यजमानांची कोलोनोस्कोपी झाली तेव्हा पडद्यावर मी स्वतः पाहिलंय, आदल्या रात्री जुलाबाचं औषध घेतल्यावर आतडं गुलाबी, लखलखीत होतं. पाच किलो कुठे लपले होते? बरं, ते टॉक्सिन कोणतं, नाव सांगा. म्हणाले, "टॉक्सिन्स, मॅडम. सगळेच." आमच्याकडे 'सगळेच' असं रजिस्टरला लिहिलं असतं तर प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या माणसाने कारखान्याला टाळं लावलं असतं.

खरं तर त्या पोराला सांगण्यासारखं केवढं होतं! प्रथिनं पचल्यावर तयार होणारा अमोनिया मेंदूला घातक, तो यकृत युरियात बदलतं आणि मूत्रपिंडं बाहेर टाकतात. दारू यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होते, ते दारूपेक्षा वाईट, मग त्याचं साधं ॲसिटेट होतं. विषारी घ्यायचं, कमी विषारी करायचं, मग बाहेर काढायचं, म्हणजे माझाच प्लांट. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर गाळतात. अंगात रक्त पाचएक लिटर, तेच पुन्हा पुन्हा. त्यातलं जवळजवळ सगळं परत घेतात आणि दीड-दोन लिटर बाहेर सोडतात. ऑपरेटर नाही, शटडाउन नाही, दिवाळीला बोनस नाही. आणि गाळ? रोज सकाळी निघतो की.

असा प्लांट साफ करायला बाहेरून काही आणावं लागत नाही, त्याच्यावरचा लोड कमी करावा लागतो. आमच्याकडे ईटीपीवर ताण आला की साहेब मला नाही, प्लेटिंग शॉपमधल्या पोरांना बोलवायचे. टाकीतून जॉब, म्हणजे मुलामा दिलेला भाग, काढला की धुवायला नेण्याआधी दहा-पंधरा सेकंद टाकीवरच निथळू द्या, बस. तेवढ्याने माझ्याकडे येणारा क्रोम डोळ्यांनी दिसेल इतका उतरायचा. सात दिवस तळण नाही, दारू नाही, रात्री अकराचं जेवण नाही, बारापर्यंत मोबाइल नाही. शिबिराने बरं वाटतं ते यामुळे. मला वाटलं, आमच्या गटातल्या सगळ्यांना वाटलं. पण पडद्यावर हे एवढं साधं दाखवलं तर १४,५०० कोण देईल?

आता तो फॉर्म. तिसरा दिवस निव्वळ रसाचा. वहिनींनी सकाळी नेहमीप्रमाणे मधुमेहाची गोळी, ग्लिमेपिराइड, घेतली. ही गोळी जेवलात किंवा न जेवलात तरी साखर खाली ओढते. फॉर्ममध्ये तिचं नाव लिहिलेलं होतं, वाचलं कोणीच नव्हतं. आणि माझीही चूक, शेजारच्या खाटेवर असून माझ्या डोक्यात आलं नाही. साडेचारला मातीच्या पट्टीखाली त्या घामाने निथळत होत्या, फेब्रुवारीत. हात थरथरत होते, जीभ जड. "वन्सं, मला कसंतरीच होतंय." माझ्या पर्समध्ये ग्लुकोमीटर असतो. ५८. सत्तरच्या खाली गेली म्हणजे धावपळ करायची.

मी साखर मागितली. शिबिरात साखर नाही. भोजनगृहात पाटीच लावलेली, 'पांढरी साखर म्हणजे पांढरं विष'. गूळ कोठारात, कोठाराची किल्ली व्यवस्थापकांकडे, व्यवस्थापक नाशकात गेलेले. शेवटी मावशी धावत आल्या, पदराखाली स्टीलची डबी. त्यांची स्वतःच्या चहाची साखर, चोरून ठेवलेली. तीन चमचे पाण्यात ढवळून पाजले. पंधरा मिनिटांनी ८४. त्या पंधरा मिनिटांत मी ज्या देवांना आयुष्यात कधी हाक मारली नव्हती त्यांनाही मारून झाली.

संध्याकाळी व्यवस्थापक आले आणि म्हणाले, "ताई, घाबरू नका. ही हीलिंग क्रायसिस असते. टॉक्सिन बाहेर पडताना असं होतं."

माझा आवाज चढला, मौनाची वेळ झालेली असताना. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मोबाइलची पिशवी उघडून घेतली, वहिनींच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी गोळी बदलून दिली आणि उपास बंद करायला सांगितला. दुसऱ्या दिवशी शिबिराच्या डॉक्टर स्वतः आल्या. त्या एरवी आठवड्यातून दोनच दिवस येतात. त्यांनी सरळ माफी मागितली, सगळ्यांचे फॉर्म मागवून वाचले, आणखी दोघांचे रस बंद केले. चूक मान्य करणारा डॉक्टर विरळा, म्हणून तेही नोंदवते. पण जागा शहरापासून तासाभरावर, आत ग्लुकोमीटर नाही, आणि घाम फुटलेल्या बाईला टॉक्सिनची गोष्ट सांगायची, हे मी विसरायला तयार नाही. वहिनी विसरल्या. त्यांना फक्त मावशींची डबी आठवते.

सहाव्या दिवशी मशीन. हे पॅकेजमध्ये नाही, ६०० रुपये वेगळे. प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ, मध्ये एक गुंडाळी सोडलेली, वायर डब्याला, डबा प्लगला. पाय बुडवून अर्धा तास बसायचं. भिंतीवर रंगीत तक्ता. नारिंगी म्हणजे सांध्यांतली घाण, तपकिरी म्हणजे यकृताची, हिरवी म्हणजे पित्ताशयाची, काळी म्हणजे जड धातू, पांढरा फेस म्हणजे लसिका.

पाच मिनिटांत पाणी नारिंगी. दहाव्या मिनिटाला कडेने हिरवट साय, मग तपकिरी चोथा. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई आपल्या टबाकडे बघून रडवेल्या झाल्या होत्या, "एवढी घाण होती माझ्यात?" आणि मला वास आला. सव्वीस वर्षांचा ओळखीचा वास. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की सुटणारा तो किंचित क्लोरीनचा, आणि गंजाचा. वाकून बघितलं तर गुंडाळी लोखंडाची. एका टोकाला लोखंड विरघळतंय, दुसऱ्या टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे. लोखंड पाण्यात आधी हिरवट उतरतं, हवा लागली की नारिंगी-तपकिरी होतं. हे तर मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकले. यकृत, पित्ताशय, सांधे, सगळे त्या गुंडाळीत बसलेले होते.

मशीन चालवणारा मुलगा गरीब होता, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. जेवणानंतर त्याला म्हटलं, बाळा, एकदा कोणाचे पाय न घालता चालव ना. तो आधी नको म्हणाला, मग त्यालाच उत्सुकता. आम्ही तिघं, तो, मी आणि वहिनी, रिकाम्या टबाभोवती मौन पाळून बसलो. पाच मिनिटांत नारिंगी. दहाव्याला हिरवं. वहिनी तक्त्याकडे बघून कुजबुजल्या, "टबाला पित्ताचा त्रास दिसतो." मुलगा असा हसला की मौन मोडलं.

इथे, बघा, गाळ भरपूर निघाला. फक्त माणसाचा नव्हता. गाळ किती एवढंच विचारून भागत नाही, कोणाचा तेही विचारायचं. साहेबांच्या पालुपदात एवढी भर मी निवृत्तीनंतर घातली.

मनाच्या शुद्धीचा भाग साधा होता आणि म्हणूनच चांगला. संध्याकाळी आठ ते सकाळी आठ मौन, मोबाइल नाही, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसायचं. पहिल्या रात्री माझा अंगठा उशीखाली मोबाइल चाचपत होता. तिसऱ्या रात्री (वहिनींच्या प्रकाराने थकून असेल) सलग आठ तास झोपले. मोठी मुलगी बाळंत झाल्यापासून अशी झोपले नव्हते, आणि तिची मुलगी आता दहावीला आहे. त्याबद्दल तक्रार शून्य. फक्त हिशेब म्हणून सांगते, ज्यांना निव्वळ मौन हवंय त्यांच्यासाठी नाशिकहून पंचेचाळीसेक किलोमीटरवर इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र आहे. दहा दिवस, शुल्क नाही, शेवटी इच्छा असेल तर दान. पहाटे चारची घंटा आणि रात्रीचं जेवण नाही हे मात्र आधी माहीत असू द्या. मी २००९ साली केलं होतं. चौथ्या दिवशी पळून जावंसं वाटलं होतं, दहाव्या दिवशी निघवत नव्हतं. इथे पळून जावंसं एकदाही वाटलं नाही, निघवत नाही असंही झालं नाही.

राहिला परिसर. पत्रकात 'परिसराची शुद्धी' म्हणजे काय, तर रोज संध्याकाळी बंद सभागृहात गोवरी, कापूर आणि गुग्गुळाचा धूप. वास मलाही आवडतो, आमच्या देवघरात असतो. पण पंचवीस माणसं, बंद खिडक्या आणि धुराने डोळ्यांत पाणी, ही हवा शुद्ध नाही झाली, हवेत धूर झाला. एक दम्याचे गृहस्थ पहिले दोन्ही दिवस बाहेर जाऊन बसले. मी तिसऱ्या दिवशी खिडक्या उघडल्या, कोणी हरकत घेतली नाही.

आणि मग मी सवयीने मागच्या बाजूला गेले. कुठेही गेले तरी मी मागच्या बाजूला जाते, पुढची बाजू सगळेच झाडतात. स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं, मालिशीच्या तेलाचं पाणी एका पाइपातून बाहेर, तिथून उघड्या चरातून ओहोळात, ओहोळ खाली फुगवट्यात. म्हणजे गंगापूर धरणात. म्हणजे आमच्या नळाला. शेजारी खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या जाळलेल्या. शहरात घंटागाडीवाला ओला-सुका वेगळा नसेल तर दारात वाद घालतो, आणि इथे शुद्धीच्या नावाखाली हे. पत्रकात ज्याला परिसर म्हणतात तो बहुधा सभागृहाच्या चार भिंतींपुरता असावा.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद देतात, पाच तारे आणि हसरे चेहरे. मी पाठकोऱ्या बाजूला चित्र काढून दिलं. तेल अडवायला दोन कप्प्यांची टाकी, पुढे विटांच्या तुकड्यांनी भरलेला शोषखड्डा, कडेने कर्दळ आणि केळी. धरणाच्या पाण्यापासून जितका लांब नेता येईल तितका. त्याखाली तीन ओळी: फॉर्म वाचा. ग्लुकोमीटर आणि गूळ कुलपाबाहेर ठेवा. मशीन बंद करा. व्यवस्थापकांनी कागद घडी घालून खिशात ठेवला, तेव्हा वाटलं गेला हा.

निघताना वजन ६९.२ किलो. टाळ्या वाजल्या. दहा दिवसांनी घरच्या काट्यावर ७०.६. तक्रार नाही, कारण कमी खाल्लं की आधी यकृतातलं आणि स्नायूंतलं साठवणीचं पिष्ट संपतं, त्याने आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवलेलं असतं, तेही जातं. भाकरी सुरू झाली की परत येतं. खरं उतरलं ते आठशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर मी खूश आहे.

पैशांचं विचाराल तर जेवण, झोप, मालीश आणि जलनेतीचे मिळून नऊ-दहा हजार वसूल. मशीनचे ६०० मी परत मागितले आणि ते दिले, हेही सांगायला हवं. जायचंच असेल तर डिसेंबर-फेब्रुवारीत, जाड पांघरूण घेऊन, स्वतःच्या डॉक्टरांना विचारून, आणि बरोबर कोणीतरी भांडकुदळ माणूस घेऊन.

मागच्या आठवड्यात व्यवस्थापकांचा फोन आला. "मॅडम, खड्डा खणून झाला. विटा भरल्या. कर्दळ कुठे मिळेल?" आमच्या सोसायटीच्या कुंपणाला माजलीय, म्हटलं, कंद काढून ठेवते, रविवारी माणूस पाठवा. मग विचारलं, आणि मशीन?

"ते चालूच आहे मॅडम. लोक मागतात. आता सातशे केलेत."